खाल्ल्या घरच्या रिपा

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. मी मोजले. तेही आत्याच्या हातचं ताज्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाच्या दोन भाकऱ्या चापून झाल्यावर, तिच्याच ओटीवरच्या झोपाळ्यात आडवं पडून. एका पाख्याला 21, दुसऱ्या पाख्याला 21. मग वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपा मोजायला घेतल्या. अकराव्या रिपेशी नजर अडकली. ती कमरेत वाकली होती आणि तिच्यावर टेकलेली सात-आठ कौलं निव्वळ सवयीने वर राहिल्यासारखी दिसत होती. मी हळूच झोपाळा दोन फूट पलीकडे सरकवला.

"घाबरलास?" आत्या आतून ओरडली. बाईला भिंतीआडचं दिसतं.

गोष्ट एप्रिल 2025 मधली. स्थळ नवापूर. आता नवापूर म्हटलं की तुमच्यापैकी निम्म्यांना नंदुरबार जिल्ह्यातलं आठवेल. ते नव्हे. आमचं नवापूर पालघर जिल्ह्यातलं. डहाणू लोकलने बोईसरला उतरायचं, रिक्षात चौथ्या सीटवर अर्धं लटकायचं आणि पश्चिमेला समुद्र लागेपर्यंत जायचं. पाठीशी तारापूर एमआयडीसी, उत्तरेला अणुवीज केंद्र, समोर अरबी समुद्र आणि मध्ये आत्याचं कौलारू घर. अणुवीज केंद्र 1969 पासून वीज देतंय. त्याच्या शेजारपाजारच्या गावात, एवढ्या तंत्रज्ञानाच्या सावलीत, आमच्या आत्याच्या डोक्यावर जी 1800 कौलं आहेत त्यातलं एकही कशाला बांधलेलं नव्हतं. ती नुसती ठेवलेली होती. टेबलावर पुस्तक ठेवावं तशी, पण तिरक्या टेबलावर.

हे मला वयाच्या तिशीत कळलं. आपण वीकेंडला कौलारू रिसॉर्टमध्ये हजारो रुपये मोजून राहतो, 'एथनिक' म्हणून फोटो काढतो आणि डोक्यावरचा हा तीन किलोचा ऐवज कशाच्या जोरावर वर आहे, हा प्रश्न एकदाही पडत नाही. तर ऐका. मंगलोरी कौलाच्या पोटाकडे वरच्या कडेला दोन उंचवटे असतात. ते रिपेवर अडकतात, म्हणून कौल खाली घसरत नाही. कडांना खाचा असतात, त्या शेजारच्या आणि खालच्या कौलात बसतात, म्हणून पाणी आत येत नाही. आणि वर उडू नये म्हणून? त्यासाठी कौलाचं स्वतःचं वजन. बस. हाच सगळा फंडा. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळुरात पहिला कारखाना काढला आणि ही कौलं गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर पसरली, तेव्हापासून हेच चालू आहे. त्याआधी कुंभाराच्या हातची नळीची कौलं होती. तीही नुसती ठेवलेलीच.

रीप म्हणजे दोन इंच बाय एक इंचाची लाकडी पट्टी. दोन रिपांमधलं अंतर फुटाहून जरा जास्त, पण नेमकं किती ते कौल ठरवतं, सुतार नाही. प्रत्येक कारखान्याचं माप वेगळं. म्हणून जुन्या घरात आठ-दहा कौलं फुटली की नवी आणून भागत नाही. नवीची खाच जुनीत बसत नाही, बसवली तर गळते. मग पाडलेल्या घरांची कौलं शोधत गावोगाव हिंडायचं. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव छापलेलं असतं, ते जुळवायचं. आमच्या आतेभावाने एकदा एका छापाच्या 12 कौलांसाठी दोन रविवार घालवले. लग्नासाठी मुलगी शोधायला त्याला एवढा वेळ लागला नव्हता.

पण कौल उडतं, हे आम्हाला खऱ्या अर्थाने 17 मे 2021 ला कळलं. तौक्ते वादळ. ते आमच्या किनाऱ्याला लागलं नाही, बाहेरून समुद्रातून गुजरातकडे गेलं. रात्री गेलं तेही दीव आणि उनाच्या बाजूला. आम्हाला नुसता धक्का लागला, गर्दीत कोणी खांदा मारून जावं तसा. त्या दिवशी कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला. मी मुंबईत घरात अडकलेलो, लोकल फक्त अत्यावश्यकवाल्यांसाठी. दुपारी आत्याचा फोन लागला तेव्हा मागे नुसती शिट्टी ऐकू येत होती. "वळचणीची कौलं बोलायला लागलीत रे," एवढं म्हणाली आणि फोन गेला. मग वीजही गेली, रेंजही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तोपर्यंत मी काय काय कल्पना केल्या ते विचारू नका.

आत्याला खरचटलंही नव्हतं. ती माजघरात पाटावर बसून होती, रात्रभर. ओटीवरची 60-70 कौलं गेली होती आणि त्यातली तीन झोपाळ्यावर पडली होती. ज्या झोपाळ्यावर ती रोज दुपारी झोपते त्यावर. झोपाळ्याची फळी चिरली. ती चीर अजून आहे. तिने बदलू दिली नाही.

आता जरा गणित, ऑफिसची सवय म्हणून. आपल्याला वाटतं वारा छपराला धडक देतो. धडक तो भिंतीला देतो. छपरावरून सटकताना त्याचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि कौल वरच्या बाजूला ओढलं जातं. त्यात घराला समोरून उघडी ओटी असेल तर वारा आत शिरून खालूनही उचलतो. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात आहे: सेकंदाला किती मीटर त्याचा वर्ग, गुणिले 0.6. ताशी 114 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 32 मीटर. हिशेब केला तर चौरस मीटरला साधारण 60 किलोचा दाब निघतो. एका चौरस मीटरवर 15 कौलं बसतात, त्यांचं वजन भरतं 40 किलो. म्हणजे एका कौलाच्या वाट्याला ओढ चार किलोंची आणि त्याचं स्वतःचं वजन अडीच-तीन किलो!

मग सगळंच छप्पर का गेलं नाही? कारण सगळीकडे सारखी ओढ नसते. छपराच्या मधल्या भागात ती बरीच कमी. शिवाय कौलांच्या फटींतून हवा येते-जाते, त्यामुळे वरचा आणि खालचा दाब थोडा जुळतो. गळकेपणाचा हा एक फायदा. पण कडेला, कोपऱ्यात, वळचणीला आणि आढ्याशी ओढ दुपटीवर जाऊ शकते. आत्याची गेलेली कौलं बघा: वळचणीच्या दोन ओळी आणि समुद्राकडच्या चांदईची कड. आढ्यावरचे कोने, म्हणजे दोन पाख्यांच्या सांध्यावर पालथी बसतात ती टोपीसारखी कौलं, त्यातले पाच गेले. ते सिमेंटने चिकटवलेले होते आणि सिमेंट कधीच तडकलं होतं. आढ्याचं पाणी वळचणीला जातं, तसं त्या रात्री आढ्याचे कोनेही वळचणीला गेले. मुंबईसाठी तर मानकात गृहीत धरलेला मूळ वेग सेकंदाला 44 मीटर आहे, ताशी 158 किलोमीटर. तेवढा वारा आला तर काय, हा हिशेब मी आत्यासमोर केला नाही.

फॅमिली ग्रुपवर तेव्हापासून चार वर्षं एकच विषय. पुण्याचा आतेभाऊ म्हणे, पत्रा टाकू, कलर-कोटेड, एकदाच काय तो खर्च. आत्याचं म्हणणं: पत्र्याखाली मे महिन्यात तू ये राहायला, पावसाळ्यात फोनवर काय बोलतोस ते ऐकू येणार नाही आणि मग बरंच होईल. माझं मत विचाराल तर पत्रा उडतो तेव्हा अख्खा उडतो, धारदार कडा घेऊन. 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ आलं तेव्हा पत्रेही गेले आणि कौलंही गेली. नंतर कौलं, कोने आणि पत्रे तिन्हींची टंचाई झाली होती. तेव्हा मटेरियल बदलून प्रश्न सुटतो यावर माझा फारसा विश्वास नाही.

प्रश्नाचं उत्तर मला त्या एप्रिलच्या दुपारी झोपाळ्याशेजारी सापडलं. खाली उतरवून ठेवलेलं एक जुनं कौल मी उलटं करून बघत होतो. पोटाला, उंचवट्यांच्या रांगेत, एक बारीक भोक. लहानपणी मला वाटायचं ते कौल खिळ्याला टांगायला असेल. सुतारकाकांना विचारलं. ते 70 च्या पुढचे, आमच्या घराच्या छपरावर 50 वर्षं चढणारे.

"तारेचं भोक ते," ते म्हणाले. "तार ओवून रिपेला बांधायची."

"मग कधी बांधली का नाही?"

"कोणी सांगितली नाही. आणि कशाला? दर वर्षी शाकारणी होत होती ना."

इथे मला पहिल्यांदा कळलं की छपराला धरून ठेवणारी खरी क्लिप कोण होती. दर मे महिन्यात सुतारकाका आणि दोन माणसं वर चढायची, सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी काढायची, सडलेली रीप बदलायची, सरकलेलं कौल पुन्हा खाचेत बसवायचं. नीट बसलेल्या कौलाखाली वाऱ्याला बोट घालायला जागा मिळत नाही. मिलिमीटरभर सरकलेल्या कौलाखाली मिळते. आणि सरकवायला इथे माकडं आहेत, नारळाच्या झावळ्या आहेत आणि अधूनमधून जमीनसुद्धा आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले, त्यातला 1 फेब्रुवारी 2019 चा 4.1 रिश्टरचा. आमच्यापर्यंत येईतो त्यातला जोर जातो, पण कौलाला फार जोर लागतच नाही. पूर्वी हे सगळं वर्षाच्या आत दुरुस्त व्हायचं. मग आम्ही मुलं मुंबई-पुण्याला नोकऱ्यांना लागलो, माणसं मिळेनात आणि शाकारणी आधी दोन वर्षांनी, मग चार वर्षांनी, मग 'यंदा बघू'.

उत्साहाच्या भरात मी जाहीर केलं: सगळी 1800 बांधून टाकू! जपानमध्ये तेच करतात. तिथे 2019 मध्ये फाक्साई वादळाने चिबाची घरंच्या घरं उघडी केली, त्यानंतर नियम बदलले आणि 2022 पासून नव्या इमारतीवरचं प्रत्येक कौल पक्कं बांधणं सक्तीचं झालं. ब्रिटनच्या मानकातही 2014 मध्ये तसाच बदल झाला. कौलं क्लिप किंवा खिळ्याने अडकवायची आणि कोने नुसत्या सिमेंटच्या भरवशावर सोडायचे नाहीत. युरोपात स्लेटच्या पातळ फरश्या छपरावर चढवतात, त्यांच्या पोटाला तर अडकायला काहीच नसतं. खिळा किंवा हूक नसेल तर त्या वर राहणारच नाहीत.

सुतारकाकांनी ऐकून घेतलं. विडी विझवली.

"सुटं कौल गेलं तर कौल जातं," ते म्हणाले. "बांधलेलं कौल गेलं तर रीप घेऊन जातं."

मला हे पचायला एक रात्र लागली. कौलाची ओढ तारेने रिपेवर येणार. रीप वाशाला एका खिळ्याने धरलेली, तो खिळा 40 वर्षांचा, खाऱ्या हवेने आणि एमआयडीसीकडून येणाऱ्या वाऱ्याने अर्धा खाल्लेला. वासा भिंतीवर नुसता टेकलेला. बांधायचं तर ही सगळी साखळी बांधायला हवी, नाहीतर 70 कौलांऐवजी अर्धं पाखं जाईल. आणि दुसरी अडचण तितकीच खरी: सगळी कौलं बांधली तर मधलं एक फुटल्यावर बदलायचं कसं? प्रत्येक गळतीला तार कापत बसायचं? सुटं कौल आतून काठीने जरा वर ढकललं की सरळ होतं. हे आत्या स्वतः करते, वयाच्या 74 व्या वर्षी, स्टुलावर चढून. आम्ही तिला नको म्हणतो आणि ती आम्हाला हो म्हणते.

शेवटी मांडवली झाली. वाऱ्याचं नाक जिथे घुसतं तेवढंच बांधायचं. वळचणीच्या दोन-दोन ओळी, दोन्ही चांदयांच्या कडेचे दोन-दोन पट्टे, आढ्याखालची एकेक ओळ. सव्वाचारशे कौलं. मधली सुटीच राहू द्यायची, म्हणजे आत्याची काठी चालू.

क्लिप शोधायचा माझा प्रयोग मात्र फसला. बोईसरच्या एका दुकानात 'कौलाची क्लिप' मागितली तर त्याने वायरिंगच्या क्लिपांचं पाकीट काढलं. ऑनलाइन ज्या मिळतात त्या काँक्रीटच्या नव्या कौलांच्या, आमच्या खाचेत बसेनात. तेव्हा तार. साधी बाइंडिंग वायर समुद्राकाठी दोन पावसाळ्यांत कुजते. साधं स्टेनलेस, म्हणजे आपल्या भांड्यांच्या जातीतलं 304, खाऱ्या हवेत डाग धरतं. त्यापेक्षा 316 टिकाऊ. ती तार मी मुंबईहून, गुलालवाडीतून नेली. दोन किलो पुरली. चौघांनी मल्टिप्लेक्समध्ये सिनेमा बघून पॉपकॉर्न खाल्ले तर होतं त्यापेक्षा बिल कमी. शिवाय रिपांसाठी स्टेनलेसचे स्क्रू. खिळा जसा सरळ जातो तसाच सरळ उपटतो, स्क्रू लाकूड धरून बसतो. आणि टोकांचे वासे भिंतीवरच्या तुळईला जस्ताच्या पट्ट्यांनी आवळायचे.

कधी करायचं? मी म्हटलं 24-25 मेचा वीकेंड. त्याआधी माझं अप्रेझल होतं. मृग लागतो 7 जूनला, वेळ भरपूर. आत्या म्हणाली, "17 तारखेला." "अगं पण..." "17 तारखेला." 17 मे 2025 ला शनिवार होता आणि तौक्तेला बरोबर चार वर्षं. मी पुढे बोललो नाही.

दोन दिवस सुतारकाका, त्यांची दोन माणसं आणि मी. माझं काम खाली उभं राहून तारेचे हातभर तुकडे कापणं आणि कौलं वर देणं. उतरवलेल्या वळचणीखाली 14 रिपा सडलेल्या निघाल्या. ती अकरावी रीप हातात आली तेव्हा मधोमध बोटाने मोडली, बिस्किटासारखी. सुतारकाकांनी तार कशी ओवायची ते एकदा दाखवलं: भोकातून घालायची, रिपेखालून घ्यायची, पक्कडीने अडीच पीळ. तिसरा पीळ दिला की कौलाचा कान तुटतो. मी नऊ कान तोडले. त्या कारखान्याची जास्तीची कौलं होती 11. माझी बदली पुन्हा खाली झाली.

रविवारी संध्याकाळी ते शिडीवरून उतरले आणि मला म्हणाले, "आता पुढच्या वर्षी मी येईन असं धरू नका." मी म्हटलं, काहीतरीच काय काका. त्यांनी पक्कड माझ्या हातात दिली. परत घेतली नाही.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. पावसाने कॅलेंडर बघितलं नाही. मी ठरवलेला वीकेंड उलटला आणि सोमवारी, 26 मेला, मान्सून मुंबईत दाखल. मी छत्रीशिवाय, भिजलेल्या बुटांनी ऑफिसात पोचलो तर आत्याचा फोन.

"गळतंय?" मी नमस्काराआधी विचारलं.

"एकच. देवघराच्या वर. काठीने सरळ केलं."

"वळचण?"

"बोलत नाही." तिच्यामागे टीव्ही चालू होता. वरळीच्या, जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालेल्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी धो-धो शिरत होतं, ते सगळे चॅनेल दाखवत होते. आत्याने जरा वेळ बघितलं असावं.

"काय रे," ती म्हणाली, "तुमच्याकडे शाकारणीला माणसं मिळाली नाहीत का?"